ठोक्यांवर जगणारे टिपकण

तांबटवाडीच्या माथ्यावरचा डोंगर दुपारी सव्वादोनला गप्प झाला, आणि त्याला गप्प केलं होतं डॉ. रेवती गोठोसकर यांनीच.

एव्हाना सह्याद्रीतले शंभरेक डोंगर बोलू लागले होते. या डोंगरात रेवतीबाईंनी चाळीस हजार टिपकण पेरले होते. टिपकण म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक. त्याला बॅटरी नाही, तार नाही. जमिनीची थरथर टिपून तो तिच्यातून चिमूटभर वीज काढतो. एवढ्याशा विजेवर स्वतःच्या लहरी सोडणं कुठलं जमायला? म्हणून तो खालच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या रेडिओलहरीच किंचित वळवून परत पाठवतो. मुलं आरशानं कवडसा पाडतात ना, तसं. ऊन दुसऱ्याचं, खोडी आपली! माती केसभर सरकली तरी हे कण सहा वर्षं बिनचूक कळवत आले होते. बाईंना त्यांचा पोटच्या पोरांसारखा अभिमान होता.

आज सकाळी कणांनी माथ्यावरच्या भेगेची खबर दिली. बाईंनी दुपारपर्यंत वाडी रिकामी करून दोनशे माणसं खालच्या शाळेत आणली. आणि करायला गेलं एक, झालं भलतंच. कणांना वीज मिळत होती ती वाडीतल्या मठारकामातून, तांब्याच्या भांड्यांवर दिवसभर पडणाऱ्या हातोड्यांतून. हातोडे थांबले, कण उपाशी पडले. भेग आता शाळेकडे वळली तर कळणार कसं?

"पावसानं थरथरत नाय का जमीन?" धोंडूकाका तांबटांनी विचारलं. सत्तरीचे काका वाडीतले सगळ्यात जुने कारागीर.

"पाऊस वरच्या मातीतच विरतो, काका. तुमची ऐरण खडकात रोवलेली आहे, तिचा ठोका थेट आत पोचतो. यंत्राचा हातोडा मागवलाय, पण तो उद्या येईल."

"म्हंजे उपाशी हायेत तुमची पोरं. भरवून येतो."

"नको! तुम्हाला वर पाठवायचा मला काय अधिकार?"

"पाठवताय कुठं? माझं घंगाळ अर्धं ऱ्हायलंय."

बाईंनी त्यांना अडवलं मात्र नाही.

पाऊण तासानं बाईंच्या संगणकाच्या पडद्यावर पहिल्या कणाचा ठिपका उजळला, मग शंभर, मग हजार. काय ती किमया! एका म्हाताऱ्याच्या मनगटावर अख्खा डोंगर बोलत होता. आणि सांगत होता, भेग शाळेकडेच वळली आहे.

माणसं पुलापलीकडे न्यायला अर्धा तास लागला. बाईंना लावलेला काकांचा फोन ऐरणीशेजारी सुरूच होता. एकही ठोका चुकला नाही.

"पोचली का समदी?"

"शेवटची आजी आत्ता पूल उतरली. काका, पळा!"

"आलो."

ठोके थांबले. ठिपके एकेक करून विझले. आणि मग डोंगरच सुटला. दरडीच्या त्या थरथरीनं कणांना जन्मात मिळाली नव्हती एवढी वीज मिळाली. चाळीस हजार ठिपके एकदम लख्ख उजळले. कुठला खडक कुठून कुठे चालला, सगळं स्वच्छ दिसत होतं. इतकं सुंदर चित्र बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"वा!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

फोन अजून सुरू होता. काकांनी ते ऐकलं की नाही, हे रेवतीबाईंना आजवर कळलेलं नाही.