चाक थरथरतं की हात?

साठच्या वेगाला हात स्थिर. ऐंशीच्या पुढे गेलं की ते थरथरू लागतात. आणि शंभरला पोचलं की पुन्हा स्थिर! माणसाचे हात असे वागतात का?

हा प्रश्न शर्वाणीला पडला तेव्हा ती आबांच्या पिकअपमध्ये त्यांच्या शेजारी बसली होती, आणि आबा आपला वाहनपरवाना कायमचा परत द्यायला निघाले होते.

आबा म्हणजे हणमंत शेलार, शर्वाणीच्या आईचे वडील. वाईच्या बाजूची भाजी, फुलं आणि थंडीत स्ट्रॉबेरी पुण्याला पोचवण्यात त्यांचा जन्म गेला. पिकअपला ते तळहाताच्या फोडासारखं जपत. आजी तर म्हणायची, या माणसानं मला कधी विचारलं नाही एवढं त्या गाडीला विचारलं.

आता काळ बदलला होता. प्रत्येक गाडीच्या स्टेअरिंगमध्ये संवेदक (बारीकशी थरथरसुद्धा टिपणारा छोटा भाग) बसवलेला असे. आबांच्या गाडीनं महामार्गावरच्या तपासणी केंद्राला आपणहून कळवलं होतं : ‘स्टेअरिंग थरथरतं.’ केंद्राचं उत्तर आलं, चालकाचे हात थरथरतात, तपासणी करून घ्या, नाहीतर परवाना जमा करा. आबांनी तपासणीचं नावच काढलं नाही.

त्याला कारण होतं. आबांच्या वडिलांना कंपवात (हात आपोआप थरथरण्याचा आजार) होता. त्यांच्या हातातला घास तोंडापर्यंत पोचायच्या आत ताटात सांडायचा. लहानपणी आबांनी त्यांना भरवलं होतं. आता आपली पाळी आली, असं त्यांनी मनोमन धरून टाकलं होतं. हल्ली ते चारचौघांत चहाचा कपसुद्धा उचलत नसत.

समोरच्या छोट्या पडद्यावर स्टेअरिंगच्या थरथरीची रेघ उमटत होती. मघाशी ती करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत होती. आता सरळ झाली होती.

“आबा, आत्ता शंभरला तुमचे हात का थांबले?”

“गप बस पोरी. शेवटची फेरी हाय माजी, निवांत चालवू दे.”

शर्वाणी गप्प बसली, पण तिच्या डोक्यातला प्रश्न काही गप्प बसेना.

केंद्रातला यंत्रमानव दिसायला एखाद्या उंच कपाटासारखा होता. तो सतत प्रश्न विचारी, म्हणून ड्रायव्हर मंडळी त्याला ‘मास्तर’ म्हणत. आबांनी खिशातून परवाना काढून त्याच्यापुढे ठेवला. शर्वाणीनं चटकन त्यावर हात ठेवला.

“मास्तर, म्हातारपणानं कापणारे हात वेग बघून थांबतात का?”

मास्तरनं आपला अहवाल पुन्हा एकदा तपासला.

“हा प्रश्न माझ्या अहवालात नाही,” तो म्हणाला.

“म्हणून तर विचारतेय. तुम्ही मोजलं काय? आबांचे हात?”

“नाही. गाडीनं स्टेअरिंगचं कंपन मोजलं. ते हातांमुळे होतं, हे मी गृहीत धरलं. गृहीत धरणं म्हणजे तपासल्याशिवाय खरं मानणं. हे बरोबर झालं नाही. चाचणी घेऊ या.”

“कशाला उगं?” आबा पुटपुटले. पण शर्वाणी परवान्यावरचा हात उचलायला तयार नव्हती.

पिकअपची पुढची चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरांवर चढवली. रोलर फिरले की चाकं फिरत, गाडी मात्र जागची हलत नसे. मास्तरनं आबांना खाली उतरवलं. स्टेअरिंगला आता कोणाचाच हात नव्हता.

रोलर साठच्या वेगानं फिरले. स्टेअरिंग शांत होतं. वेग वाढत गेला. नव्वदच्या जवळ रिकामं स्टेअरिंग आपोआप थरथरायला लागलं. शंभरच्या पुढे ते पुन्हा शांत झालं.

आबा खिडकीतून बघत राहिले. “मला वाटलं... मीच हलवतोय त्याला,” ते हळूच म्हणाले.

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!” शर्वाणी म्हणाली. “पण मग चोर कोण?”

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चोर सापडतो,” मास्तर म्हणाला. त्यानं फक्त डावं चाक फिरवलं. स्टेअरिंग हललं नाही. मग फक्त उजवं फिरवलं. नव्वदला थरथर सुरू झाली.

“आता ऐक,” मास्तर सांगू लागला. “चाकाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं वाटलेलं असावं लागतं. एक बाजू थोडी जड राहिली तर त्याला असंतुलन म्हणतात. दोरीला दगड बांधून गरागरा फिरवलास तर तो हाताला ओढतो ना? तशी ती जड बाजू फिरताना चाकाला ओढते. खाली गेली की खाली, पुढे गेली की पुढे. चाकाच्या प्रत्येक फेरीला एक हिसका. नव्वदच्या वेगाला हे चाक सेकंदाला बाराएक फेऱ्या मारतं.”

“मग शंभरला जास्त हिसके बसायला हवेत. तिथे थरथर कमी कशी?”

“झोपाळा कसा ढकलतेस?”

शर्वाणीनं विचार केला. “तो मागे येऊन परत निघाला की ढकलायचा. मग थोड्या जोरानंही उंच जातो. भलत्या वेळी ढकलला तर अडखळतो.”

“बरोबर. प्रत्येक वस्तूला हलण्याची स्वतःची लय असते. चाक आणि स्टेअरिंग ज्या सांगाड्यानं जोडलेली आहेत, त्यालाही आहे. नव्वदच्या आसपास हिसक्यांची लय त्या लयीशी जुळते आणि थरथर वाढत जाते. याला अनुनाद (लयी जुळल्यामुळे वाढणारं कंपन) म्हणतात. वेग आणखी वाढला की जुळणी मोडते. हिसके असतात, पण त्यांची साथ सुटते.”

“म्हणजे आबांचे हात वेग बघत नव्हते. चाक बघत होतं!”

“हो. आता सांगा आजोबा, ही थरथर कधीपासून आहे?”

“दसऱ्यापासनं.”

“दसऱ्याला गाडीचं काय केलंत?”

“काय करणार? धुतली, पुसली, हार घातला, पूजा केली.”

मास्तरनं उजव्या चाकाच्या रिमवर दिवा धरला. सगळी रिम चकचकीत होती आणि एका जागी बोटभर लांबीचा खरवडल्याचा डाग होता.

“आत्ता गं!” आबा खाली वाकले. “हितं कायतरी करड्या रंगाचं चिकटलेलं हुतं. पूजेच्या गाडीला घाण कशाला, म्हणून सुरीनं खरवडून टाकलं.”

“ती घाण नव्हती. चाकाची हलकी बाजू जड बाजूइतकी व्हावी म्हणून लावलेलं वजन होतं ते.”

आबांनी कपाळाला हात लावला. आपल्याच भक्तीनं गाडीला आजार दिला, याचं त्यांना हसूही येईना आणि रडूही येईना. मास्तरनं चाक यंत्रावर चढवून फिरवलं, हलकी बाजू शोधली आणि तिथे नवं वजन लावलं. गॅरेजमध्ये यालाच व्हील बॅलन्सिंग म्हणतात. पुन्हा रोलर फिरले. नव्वदला स्टेअरिंग हललं नाही.

शर्वाणीनं टाळ्या पिटल्या. आबा मात्र तसेच उभे होते.

“मास्तर, चाकाचं झालं. माज्या हातांचं काय?”

“आबा! आता कशाला?” शर्वाणी घाबरून म्हणाली.

“त्यांचा प्रश्न योग्य आहे,” मास्तर म्हणाला. “चाकात दोष सापडला म्हणून हातांत दोष नाही, असं सिद्ध होत नाही. दोन्ही असू शकतात. हेही गृहीत धरून चालणार नाही.”

शर्वाणीला त्या क्षणी मास्तरचा भयंकर राग आला. जिंकलेला डाव त्यानं पुन्हा मांडला होता. पण तो खरं बोलत होता, आणि मघाशी हाच हट्ट तिनं स्वतः धरला होता.

केंद्रामागच्या मोकळ्या चाचणी रस्त्यावर आबांनी गाडी घेतली. शर्वाणी शेजारी बसली. साठ. सत्तर. ऐंशी. तिला पडद्याकडे बघवेना, म्हणून ती आबांच्या हातांकडे बघत राहिली. उन्हानं काळे पडलेले, शिरा उठलेले हात. नव्वद.

“रेघ बघ की,” आबा म्हणाले. “मला न्हाई बघवत.”

तिनं पाहिलं. रेघ सरळ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आबांनी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून ते रडले. शर्वाणीनं त्यांना मोकळेपणानं रडू दिलं.

परवाना परत देताना मास्तर म्हणाला, “सगळ्या केंद्रांना आजच कळवलं आहे. यापुढे हातांवर ठपका ठेवण्याआधी रिकामं स्टेअरिंग तपासलं जाईल. शर्वाणी, हा प्रश्न तुझ्या नावानं नोंदवला आहे.”

गाडी वाईच्या रस्त्याला लागली. आबा समोर बघतच म्हणाले,

“आज न्हाई कापलं हात. पर कदी ना कदी कापतीलच. त्या दिवशी दुसऱ्या कुणी सांगायचं न्हाई, तूच मला सांगायचं. किल्ली तुज्या हातात दीन मी, हसत.”

शर्वाणीनं मान डोलावली.

“पर आदी चाकं तपास हां,” आबा म्हणाले, आणि त्यांनी वेग वाढवला.