साडेसोळा टनांचा ताण

“सोडा! माझ्या मामाला सोडा!” ताई जिवाच्या आकांताने ओरडली.

पण लोहार ऐकतो कशाला! त्याने मामाची कॉलर धरून त्याला क्रेनच्या चाकावर आदळलं आणि दुसरा ठोसा लगावला. मामाचा ओठ फाटला. शर्टावर रक्त ठिबकू लागलं.

“माझ्या भावाचा पाय चेचलास! आज तुझे दोन्ही मोडतो!”

“अरे, मी हिसका दिला नाही रे... नसेल दिला...” मामा पुटपुटला.

हे ‘नसेल दिला’ ताईने ऐकलं. म्हणजे मामाला स्वतःचीच खात्री उरली नव्हती!

झालं होतं असं. सुट्टीत मामाकडे आलेली ही तीन भावंडं: आठवीतली ताई, पाचवीतला तिचा सख्खा भाऊ ढब्बू, आणि मावशीचा चष्मिस. चष्मिस सातवीतच होता, पण बोलायचा असा की समोरच्याने वही उघडून बसावं! मामा कारखान्यात क्रेन चालवायचा, आणि तिघं त्याचा डबा घेऊन आली होती. आज सकाळी सहा टनांची लोखंडी टाकी उचलताना, हुकापासून टाकीच्या दोन टोकांच्या कड्यांना लावलेल्या दोन पोलादी दोरांपैकी एक तुटला. तुटलेलं टोक भिंतीवरून सणसणत आलं आणि क्रेनच्या काचेचा चुरा झाला. टाकीची एक बाजू धाडकन खाली आली, ती थेट फिटरच्या पायावर. मुकादमाने तिथल्या तिथे निकाल लावला, “क्रेनवाल्याने हिसका दिला!” आणि फिटरला दवाखान्यात पोचवून त्याचा भाऊ, म्हणजे हा लोहार, मुठी आवळून परत आला होता.

चार कामगारांनी कसाबसा लोहाराला मागे ओढला. मालक धावत आले. त्यांनी मामाला ऑफिसात बसवलं आणि बजावलं, “तासाभरात पोलीस येतील. कुठे जायचं नाही!”

“हा बघा साहेब,” मुकादमाने एक तुटका दोर नाचवला. “सहा मीटरचा, कोरा करकरीत! हिसक्याशिवाय असा दोर तुटतो का?”

ढब्बू नाक खुपसून दोराच्या टोकाकडे बघत होता. तो ताईच्या कानाशी लागला. “ताई, हे टोक किती गुळगुळीत आहे बघ! सुरीने काकडी कापावी तसं. तुटलेल्या दोराचा झाडू व्हायला नको का?”

“शाब्बास रे ढब्ब्या! हा दोर तुटलेला नाही, कापलेला आहे!”

“म्हणजे खरा दोर दुसरीकडे कुठेतरी आहे,” चष्मिस म्हणाला. “आणि आपल्याकडे फक्त एक तास आहे.”

तिघंही भंगाराच्या ढिगाकडे पळाली. पत्र्याच्या कडांनी हात कापले, ताईचा गुडघा सोलला, पण थांबतंय कोण! शेवटी रिकाम्या पिंपात, तेलकट चिंध्यांखाली ढब्बूचा हात कशाला तरी लागला. दोन आखूड दोर! एक धडधाकट, आणि दुसरा मधोमध तुटलेला, त्याच्या तारा अस्ताव्यस्त पिंजारलेल्या.

“काय चाललंय रे?”

मुकादम! त्याने ढब्बूची मानगूट धरून त्याला पिंपावर आपटलं आणि खाडकन कानाखाली वाजवली. ढब्बूच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण ढब्बू म्हणजे काय साधासुधा प्राणी? त्याने मुकादमाच्या मनगटात असे दात रुतवले की मुकादम बोंबलतच सुटला!

“पळ ताई!” ढब्बू ओरडला.

ताई दोन्ही दोर फरफटत अंगणात, कोसळलेल्या टाकीपाशी आली, चष्मिस आणि ढब्बू तिच्या पुढे, आणि मागून शिव्या घालत मुकादम. हा आरडाओरडा ऐकून मालक, लोहार आणि सगळे कामगार जमले. मामाही ऑफिसच्या दारात आला. “तुटला तो हा आखूड दोर! पिंपात लपवला होता!” ताई ओरडली.

“मामा, तू टाकी उचललीस तेव्हा दोर पाहिले होतेस?” ताईने धापा टाकत विचारलं.

“केबिनमधून दिसतच नाहीत गं. टाकी भिंतीपलीकडे होती. मुकादम हाताने खूण करतो, मी उचलतो. रोजचीच पद्धत आहे.”

“पोरांचा खेळ आहे हा!” मुकादम उसळला. “हा दोर पंधरा टनांपर्यंत तग धरतो. टाकी सहाची. आखूड काय अन् लांब काय, दोर तोच!”

“असं? लोहारकाका, जरा पुढे या,” ताई म्हणाली. तिथेच पडलेली सुतळी तिने पाण्याने भरलेल्या बादलीच्या कडीतून ओवली. “दोन्ही टोकं धरा आणि हात जवळ ठेवून उचला.”

लोहाराने एका झटक्यात बादली उचलली. “ह्यात काय!”

“आता हात लांब करा. सुतळी एकदम सरळ झाली पाहिजे!”

लोहाराने ओढलं. हात थरथरायला लागले, मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लालबुंद झाला. बादली तीच, पाणी तेच! तरी सुतळी काही सरळ होईना. त्याने दात-ओठ खाऊन जोर लावला आणि फट्! सुतळी तुटली, बादली आदळली, पाणी मुकादमाच्या बुटांत गेलं.

“अरेच्चा!” कुणीतरी म्हणालं.

चष्मिसने खडू काढून टाकीवरच त्रिकोण आखला. “वजन पेलायला दोराने वर ओढायला हवं. दोर आडवा असला की दोन्ही बाजू एकमेकींनाच ओढत बसतात, वर उचलायला फारच थोडा जोर उरतो. टाकीच्या कड्यांमध्ये अंतर सहा मीटर, म्हणजे मध्यापासून तीन. ढब्बू, न तुटलेला दोर मोज!”

“तीन मीटर पाच सेंटिमीटर!”

“पायथागोरस लावा. हूक टाकीच्या वर फक्त पंचावन्न सेंटिमीटर! प्रत्येक दोराच्या वाट्याला वजन आलं तीन टन. पण दोर त्या उंचीच्या साडेपाच पट लांब, म्हणून त्याच्यावरचा ताणही साडेपाच पट, साडेसोळा टन! पंधराचा दोर तुटणारच. मामाने फुलासारखं उचललं असतं तरी तुटला असता!”

सगळ्यांच्या नजरा मुकादमाकडे वळल्या.

“लांब दोर लावले की टाकी खाली लोंबून भिंतीला घासते!” मुकादम किंचाळला. “आजच्या आज हलवायची होती! मग आखूड लावले, त्यात काय एवढं? तुला अक्कल शिकवतो थांब!” आणि भलामोठा पाना उगारून तो चष्मिसच्या अंगावर धावला.

लोहाराने मधेच त्याचं मनगट पकडलं. एक पीळ, आणि पाना जमिनीवर! दुसऱ्या हाताचा ठोसा मुकादमाच्या नाकावर बसला, भळाभळा रक्त आलं. आणखी एका ठोशासाठी लोहाराने मूठ उचलली, तेवढ्यात मामा मधे आला.

“बास! आज पुरे झालं मारणं. याला पोलीस बघतील.”

लोहाराची मूठ हळूहळू सैल पडली. मामाच्या फाटलेल्या ओठाकडे त्याला बघवेना.

मालकांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. “तुम्ही नसता तर आज मी निरपराध माणसाला तुरुंगात धाडला असता. आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार निघालात!” मग ते मामाकडे वळले. “यापुढे दोर स्वतः बघितल्याशिवाय तू काहीही उचलायचं नाहीस. कुणीही खूण केली तरी.”

“खरंय साहेब. मीही न बघताच उचललं होतं,” मामा म्हणाला. त्याला ते फार लागलं होतं.

“चल,” लोहार मामाला म्हणाला. “माझ्या भावाला सांगायला हवं.”

दवाखान्यात फिटर पाय टांगून पडला होता. चेहरा पांढराफटक. ताईने सगळं सांगितलं, अगदी पंचावन्न सेंटिमीटरसकट. मामा खाली मान घालून दाराशीच उभा होता.

“आत ये रे,” फिटर म्हणाला. “बारा वर्षं आपण एका डब्यात जेवतोय. तू हिसका दिलास असं सगळे सांगत होते, ते पायापेक्षा जास्त दुखत होतं बघ.”

मामा त्याच्या उशाशी बसला आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू त्याला एकदम फुटलं.