बंद डब्यातलं कार्ड

"मामा, तुम्ही मधे बोलू नका. मी मॅडमकडे आलेय, तुमच्याकडे नाही."

असं म्हणून वैष्णवी विधाते खुर्चीत बसली आणि तिच्या मामांनी, म्हणजे भिमाजी तिडके यांनी, हातातला चहाचा कप सांडता सांडता सावरला.

रविवार कारंजावर भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर उज्वला कापडणीस यांचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. लग्नाआधीच्या चौकशा, विम्याचे खोटे दावे, असल्या कामांवर ते चालायचं. भिमाजी तिथे बऱ्याच वर्षांपासून मदतनीस होते. मनाने सरळ, पायाने तत्पर, डोक्याने जरा निवांत. उज्वला त्यांना दादा म्हणायची. दिवसातून दहादा त्यांच्यावर चिडायची आणि ऑफिसची किल्ली मात्र त्यांच्याच हातात ठेवायची.

"काय झालं?" तिने वैष्णवीला विचारलं.

"माझं ग्राफिक्स कार्ड चोरीला गेलं. कॉम्प्युटरच्या पोटातून!"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुण्याच्या एका गेमिंग टीमला पगारी खेळाडू हवा होता. जागा एकच. पहिली फेरी होऊन गेली होती, शेवटची उद्या दुपारी, घरी बसूनच, ऑनलाइन. त्यासाठी तिने वर्षभर शिकवण्या घेतल्या, बाजारासाठी हार ओवले आणि एकेक भाग पारखून नवा कॉम्प्युटर जुळवून घेतला. त्यातला सगळ्यात महागडा भाग हे कार्ड. गेममधली दृश्यं भराभर पडद्यावर आणतं ते हेच. ते नसताना स्पर्धेत उतरणं म्हणजे पंक्चर सायकलने शर्यत लावणं.

"पहिल्या फेरीत सगळं अडखळत होतं. मी नेम धरेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. कशीबशी पुढच्या फेरीत निवडले गेले, तीही शेवटून दुसरी. काल टेबल पुढे ओढून मागे बघितलं, तर कार्डाची जागा रिकामी! मॅडम, उद्याच्या आत ते मिळालं नाही तर सगळं संपलं."

"पहिलं कोण आलं?"

"ओम. मामांचा मुलगा. आम्ही दोघंही उतरलोय ना."

"पोराचा हात चांगला हाय, ताई," भिमाजी म्हणाले. "जुन्याच डबड्यावर खेळतो. पण ही घरातली गोष्ट, आपण कशाला पडायचं त्यात? आन सरळ हाय सगळं. घटाच्या दिवशी कॉम्प्युटरची पूजा झाली, माझ्यासमोर चालू झाला, पडद्यावर देवीचा फोटो आला. कार्ड नसतं तर चित्र आलं असतं का? म्हंजे चोरी त्यानंतर झाली. त्यानंतर त्या खोलीत कोण बसायचं? शेजारचा सोमा. झालं!"

"वा, दादा. आज तुम्हीच निकाल देऊन टाकलात," उज्वला उठत म्हणाली. "तरी जरा फिरून येऊ."

एमजी रोडवरचा दुकानदार शेखर चोरीचं नाव ऐकताच ताडकन उभा राहिला.

"माझ्यावर येऊ नका हां, मॅडम! ह्यांच्या डोळ्यांसमोर जोडलाय. गेम चालवून दाखवला, व्हिडिओ काढलाय."

व्हिडिओत उघड्या डब्यात कार्डाचे पंखे गरगरत होते. स्क्रीनची वायर डब्याच्या मागे, खालच्या बाजूला, थेट कार्डात खोचलेली दिसत होती. वैष्णवी टाळ्या वाजवत होती आणि मागे भिमाजी पेढ्यांचा पुडा धरून उभे होते.

"कोणते भाग घ्यायचे हे कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनी मिळून. बजेट कमी असलं की कुस्तीच असते, मॅडम. कार्ड भारी घ्यायचं तर बाकी ठिकाणी हात आखडायचा. मी सांगितलं, प्रोसेसर दोन प्रकारचे येतात. एक कार्डाशिवाय चित्रच दाखवत नाही, तो स्वस्त. दुसरा स्वतःच्या जिवावर साधं चित्र दाखवतो, तो महाग. कार्ड आहेच तर स्वस्तातला घ्या म्हटलं. पण मामा हटून बसले."

भिमाजी कान खाजवत हसले. "एक बिघडलं तर दुसऱ्यानं काम भागावं, येवढंच म्हटलं. मळ्यात वीज गेली तर डिझेलचं इंजिन असतं का नाय?"

"मग काय," शेखर म्हणाला, "ती भर काढायला काचेचा डबा रद्द केला, पत्र्याचा घेतला. आतलं दिसत नाही, पण मजबूत."

उज्वलाने व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला. गाडीत बसल्यावर ती मखमलाबाद येईपर्यंत बोलली नाही, हे भिमाजींच्या लक्षात आलं नाही. ते आपले रस्त्यातले खड्डे मोजत होते.

मखमलाबादला विधात्यांच्या मळ्यात दसऱ्याच्या झेंडूची तोडणी चालू होती. वैष्णवीची आई मालनबाई पाटी टाकून तणतणत आल्या. सातवी माळ होती, उपास होता आणि त्यात हे.

"त्या सोम्यालाच धरा! माझ्या घरचा चहा पिऊन माझ्याच घरात हात मारला त्यानं."

"कॉम्प्युटर कधीपासून घरात आहे?" उज्वलाने विचारलं.

"गणपतीतली सूट संपत आली म्हून तवाच घेतला. पण लगेच पितर लागले. पितरांत नवी वस्तू घरात आणायची नाय आमच्यात. म्हून भिमाकडं ठिवला, म्हसरूळला. त्याचाच भरवसा हाय म्हून. घटाच्या सकाळी त्यानंच आणून मांडला, त्यानंच वायरी लावल्या. मग मी पूजा केली."

"कपाटात कुलूपबंद होता, ताई," भिमाजी म्हणाले.

शेजारच्या खोलीत घट बसले होते, अखंड दिवा तेवत होता. कॉम्प्युटर भिंतीशी टेबलावर होता. डब्यावर मालनबाईंनी सढळ हाताने, ओल्या कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं होतं. अर्धं बाजूच्या पत्र्यावर, अर्धं पुढच्या भागावर. दोन्हींमधली फट कुंकवाने भरून वाळून गेली होती. उज्वला अगदी जवळ वाकली, पण तिने बोट लावलं नाही.

"हे नंतर पुन्हा काढलंत का?"

"छ्या! घटाच्या दिवशी काढलं तेच. दसऱ्यापातूर ते मोडायचं नाय, मी समद्यांना बजावलंय. काल वैशू आतून बघू म्हणत होती, तिलाबी हात लावू दिला नाय."

सोमाला बोलावणं गेलं. तो कॉलेजातला, वैष्णवीच्या बरोबरीचा मुलगा. आला तोच घाईने बोलू लागला.

"मी काही घेतलं नाही, मॅडम. पूजा झाल्यावर लगेच आम्ही दोघांनी गेम लावून बघितला. तेव्हापासूनच अडखळत होता."

"खोटं बोलतो मेला!" मालनबाई कडाडल्या. "चोर तो चोर, वर शिरजोर!"

"नाही आई, तो खरं बोलतोय," वैष्णवी म्हणाली. "मला वाटलं नेट खराब आहे. मी नेटची लाइनसुद्धा बदलून घेतली."

सोमाच्या डोळ्यांत पाणी आलं. भिमाजी खिडकीबाहेर बघत होते.

उज्वलाने टेबल पुढे ओढलं आणि मागे डोकावली. खाली कार्डाची खाच रिकामी होती. स्क्रीनची वायर वरच्या तोंडात घट्ट बसवलेली होती.

"ही वायर मधे कोणी काढली होती?"

"नाही," वैष्णवी म्हणाली. "मामांनी लावली तशीच आहे."

उज्वला गरजेपेक्षा जास्त वेळ तशीच वाकून राहिली. सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरातली लबाडी उकरून काढताना तिला कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली.

"दादा, दार लावा."

भिमाजींनी दार लावलं आणि सवयीने तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"इथे नको. तिकडे, समोर बसा."

ते बसले.

"कार्ड पूजेनंतर गेलं, असं सगळे धरून चाललेत," उज्वला म्हणाली. "पण हा डबा उघडायचा तर बाजूचा पत्रा मागे सरकवावा लागतो. सरकवला की स्वस्तिकाचे दोन तुकडे होणार. ते अखंड आहे, फटीतलं कुंकूसुद्धा तडकलेलं नाही. म्हणजे पूजेनंतर डबा उघडलेलाच नाही. सोमा, तू घरी जा बाळा. तुझा ह्यात काही संबंध नाही."

सोमा हलला नाही. मालनबाईंचं तोंड उघडं राहिलं.

"पण पूजेच्या दिवशी चित्र आलं होतं!" वैष्णवी म्हणाली.

"आलं. तुझा प्रोसेसर महागातला आहे, कार्डाशिवाय चित्र दाखवणारा. देवीचा फोटो दाखवायला तो पुरतो. गेम पळवायला पुरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी गेम अडखळला. कार्ड पूजेच्या आधीच गेलेलं होतं. दुकानातून निघताना मात्र ते होतं, व्हिडिओ आहे. मधल्या काळात डबा एकाच घरात होता."



"म्हसरूळला?" मालनबाईंचा आवाज चिरका झाला. "अवो बाई, शुद्धीवर हाय का तुमी? भाऊ हाय तो माझा!"

"मलाही पटत नव्हतं. पण वायर बघा. दुकानात ती खाली, कार्डात होती. ज्याला कार्ड जागेवर आहे असं वाटतंय तो वायर खालीच खोचायला जाईल, आणि जागा रिकामी दिसली की बोंब मारेल. दादांनी बोंब मारली नाही. गुपचूप वर, प्रोसेसरचं चित्र येतं त्या तोंडात खोचली."

"मामांना ह्यातलं काय कळतंय, मॅडम? चुकून लावली असेल."

"हेच मी मनाला सांगत होते. मग सकाळचं आठवलं. दादा म्हणाले, कार्ड नसतं तर चित्र आलं असतं का? शेखरने प्रोसेसरचे दोन प्रकार समजावले, तेव्हा कार्डाविना चित्र दाखवणारा हवा म्हणून हटून बसलेला माणूस एकच. त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तोच मला उलटं सांगत होता." उज्वला भिमाजींकडे वळली. "दादा, इतक्या वर्षांत तुम्ही मला चुकीचं पुष्कळ सांगितलंत. खोटं आज पहिल्यांदा सांगितलंत."

भिमाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

"दुकानात माझ्या मनात काय नव्हतं, ताई. पोरीचं काम अडू नये येवढंच होतं."

"माहीत आहे. म्हणून तर जास्त लागतंय."

"पितर संपेपातूर डबा बंदच राहणार होता. म्हटलं, तवर ओम्याला जरा सराव होईल. शेखरनं जोडताना बघितलं होतं, तसंच काढलं. पोराचा खेळ असा काय खुलला, ताई! घटाच्या आदल्या दिवशी परत लावायला बसलो, तर हात चालंना. म्हटलं पहिली फेरी होऊ दे, मग हळूच येऊन लावीन. तर अक्कानं नेमकं फटीवर स्वस्तिक काढलं. आता देवीचं कुंकू कसं मोडू?"

मालनबाई भावाकडे बघतच राहिल्या. ओळख पटवायला बोलावलेल्या परक्या माणसासारख्या.

"भाचीचा गळा कापताना देवी नाय आठवली, आन कुंकू मोडताना आठवली व्हय रे?"

मालनबाईंनी सोमाकडे बोट केलं.

"आन त्या पोराला मी चोर म्हटलं. तुझ्या डोळ्यांदेखत. तू खिडकीबाहेर बघत ऱ्हायला!"

त्यांनी पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि स्वतःच्या हाताने ते स्वस्तिक खसाखसा पुसून काढलं. वैष्णवीने आईला असं काही करताना जन्मात पाहिलं नव्हतं.

"जा," त्या म्हणाल्या. "तिचं कार्ड घेऊन या."

उज्वला, वैष्णवी आणि भिमाजी म्हसरूळला पोचले, तेव्हा ओम हेडफोन लावून सराव करत होता. उज्वलाला बघून तो धडपडत उठला आणि एकदम तिच्या पाया पडला.

"ताई, थँक्यू म्हणायचंच राहिलं होतं. तुम्ही कार्ड वापरायला दिलंत म्हणून पहिला आलो. बाबा म्हणाले, ताईंना बोलून दाखवलेलं आवडत नाही, म्हणून गप्प होतो."

उज्वला सुन्न झाली. चोरी तिच्या नावावर खपवली होती. पोराने नुसत्या बापाच्या शब्दावर नव्हे, तिच्या नावावर विश्वास ठेवला होता. तिने भिमाजींकडे पाहिलं. हे मात्र ती स्वतः सांगणार नव्हती.

"सांगा, दादा."

भिमाजी उंबऱ्यातच उभे होते. "ते वैशूचं हाय," ते म्हणाले. "मी चोरलं."

ओम आधी हसला. मग त्याने एकेकाचा चेहरा पाहिला, सगळ्यात शेवटी वैष्णवीचा.

त्याने कॉम्प्युटर बंद केला. डबा उघडून कार्ड सोडवलं, शर्टाला पुसलं आणि दोन्ही हातांनी वैष्णवीसमोर धरलं. तिने ते घेतलं. 

"बाबा," ओम म्हणाला, "मला सगळे विचारत होते, जुन्या कॉम्प्युटरवर पहिला कसा आलास. मी म्हणायचो, मेहनत केली." त्याने उघड्या डब्याकडे पाहिलं. "आता मला कसं कळणार, मेहनतीने आलो का कार्डाने?"