उद्याचा हात

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी यंत्राच्या हातातली कोरणी निसटली आणि मेणाच्या दाढेचा कोपरा उडाला.

कवळ्या बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत यंत्राची देखभाल मुलगी करायची आणि काम त्याला तिचे बाबा दाखवायचे. चाळीस वर्षं मेणात दात कोरलेला माणूस. ते तारांचा हातमोजा घालून कोरत. संध्याकाळी त्यातली नोंद यंत्रात जाई आणि बाबांनी आज केलेलं यंत्र उद्या गिरवी, चुकांसकट.

पण ही चूक बाबांनी केलीच नव्हती.

"माझ्या नावावर खपवू नकोस हं," बाबा म्हणाले. "माझी कोरणी शेवटची निसटली, तेव्हा तू रांगत होतीस."

मंगळवारी अकरा दहाला त्यांची कोरणी निसटली. उडाला तोच कोपरा.

मुलीने घड्याळ तपासलं, नोंदी तपासल्या. सगळं जागच्या जागी होतं. बुधवारी दुपारी यंत्राने तीनदा बोटं झटकली. गुरुवारी दुपारी बाबांच्या हाताला मुंग्या आल्या. त्यांनी तीनदा बोटं झटकली.

त्याच दिवशी चार वीसला यंत्राने दात अर्धवट सोडला. कोरणी गळून पडली. हात टेबलावर उताणा पडला, तो तसाच राहिला. वीज चालू होती. बिघाड सापडला नाही.

"बाबा, उद्या तुम्ही यायचं नाही. डॉक्टरकडे जायचं."

"आणि शनिवारी कवळी द्यायची आहे, ती कोण कोरणार? तू? तुला पेन्सिल धड तासता येत नाही."

"कोरीन मी."

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी बाबांना ठणठणीत ठरवलं. तरी मुलीने त्यांना घरी बसवलं आणि हातमोजा कपाटात कुलपात ठेवला.

चार वीसला तिने फोन केला.

"आहे गं, आहे," बाबा हसले. "चहा पितोय. सांग तुझ्या त्या पोपटाला."

तिने श्वास सोडला.

चार पस्तीसला यंत्राची बोटं मिटली. हाताने कोरणी उचलली.

पकड बाबांची नव्हती. बोटं आखडलेली, धार उलटी. नवशिक्यासारखा तो हात मेण ओरबाडत होता.

वीसेक मिनिटांनी तो थांबला, वर आला आणि त्याने नसलेली बट नसलेल्या कानामागे सारली.

बाबांना टक्कल होतं.

मुलीचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडे निघाला होता. तिने तो मागे घेतला आणि पुन्हा घरी फोन लावला.

पाच वाजलेत. पलीकडे घंटा वाजते आहे.