शेवटच्या गाण्याची उरलेली चार मिनिटं

सत्त्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच झाली होती. प्रेमिला त्या दुकानात पहिल्यांदा आली ती शहनाई भरून घ्यायला. मोठ्या बहिणीचं लग्न ठरलेलं, हातात साठ मिनिटांची कोरी कॅसेट, आणि कोराडीच्या बसमधून आल्यामुळे ओढणीवर तिथल्या वीजकेंद्राची बारीक राख. नागपूरच्या धरमपेठेत चंपतरावांच्या दुकानात कॅसेट भरून द्यायचं काम मार्तंड करायचा. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून स्वारी एक इंग्रजी रेकॉर्ड लावून आपल्याच नादात बसली होती.

"हे काय वाजून राहिलं?" तिने विचारलं.

"कोल्ड केटल्स... इंग्लंडचा बँड आहे. रेडिओवाले यायले विचारत नाहीत."

"थंड किटल्या!" ती खुदकन हसली. पण तेवढ्यात गायकाचा आवाज खाली आला, शेजारी बसून बोलावं तसा, आणि तिचं हसू तिथेच राहिलं. अख्खं गाणं तिने उभ्यानेच ऐकलं. मग म्हणाली, "शहनाई एका बाजूले भरा. दुसऱ्या बाजूले हे."

मार्तंडने भरलं. रेकॉर्ड चौतीस मिनिटांची आणि कॅसेटची बाजू तीस मिनिटांची, त्यामुळे शेवटचं गाणं मध्येच तुटलं. तसं कव्हरवर लिहायला हवं होतं, ते तो साफ विसरला. का विसरला, ते सांगायला नको!

मग दर शनिवारी कॉलेज सुटलं की ती यायची. बँडच्या आधीच्या दोन्ही रेकॉर्ड तिने भरून घेतल्या. तो स्पिरिटच्या बोळ्याने तिच्या कॅसेटवरची राख पुसायचा, आणि ती काउंटरवर कोपर टेकून बोलत राहायची.

"पहिल्या रेकॉर्डमधी नुसते बोंबलून राहिले. जग ऐकत नाही म्हणून राग! दुसरीत साऱ्यायले आवडायचं होतं, म्हणून तो चकचकीत कीबोर्ड. अन् या तिसऱ्या 'नॉर्थ विंडो'त... कोणालेच काही दाखवायचं नाही. ड्रमवाला तर काड्या सोडून ब्रशनं वाजवते!"

"तुम्ही फार बारीक ऐकता," मार्तंड म्हणायचा.

"तुम्ही, तुम्ही! मले तू म्हण ना. काहून लाजून राहिला गा?"

'तू' अगदी ओठांपर्यंत यायचं... आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून कॅसेट रिवाइंड करायला लागायचा.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती चार फुलस्केप कागद घेऊन आली. 'नॉर्थ विंडो'वर तिने कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख लिहिला होता, आणि सोमवारी तो द्यायचा होता. ती वाचून दाखवू लागली. शेवटाशी येताना तिचे डोळे चमकत होते. 'अखेरच्या गाण्यात गायक म्हणतो, तू विचारलंस तर मी... आणि तिथेच थांबतो! तीन रेकॉर्डनंतर या बँडला मौनाची किंमत कळली.'

कसलं मौन! मार्तंडने भरलेली कॅसेट तिथे संपली होती.

गप्प बसणं किती सोपं होतं. रेकॉर्ड चंपतरावांच्या पुतण्याच्या होत्या आणि त्याने त्या येत्या सोमवारी मुंबईला पाठवायला सांगितल्या होत्या. त्या गेल्या की नागपुरात कोणाला काही कळणार नव्हतं. आणि सांगितलं तर ती पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाही. शनिवार येईल, पण ती येणार नाही... पण इतकं जीव लावून ऐकणाऱ्या मुलीला फसवायचं? तेही त्याच्याने होईना.

"ते गाणं तिथं संपत नाही," तो कसाबसा म्हणाला. "कॅसेट संपली. चूक माझी आहे."

तिने कागद काउंटरवर ठेवले. "तीन महिने झाले. अन् आता सांगून राहिला?"

"आधी विसरलो, मग हिंमत नाही झाली..."

"लाव," ती एवढंच म्हणाली.

त्याने सुई ठेवली. गाणं त्या ओळीपाशी आलं. तू विचारलंस तर मी... प्रेमिलाने श्वास रोखला.

थांबेन, असं गायक म्हणाला. मी थांबेन. पुन्हा पुन्हा तेवढंच, अगदी साध्या आवाजात. मागे ड्रमवर हळूच फिरणारा ब्रश. मग तोही थांबला.

तिने पेन काढलं आणि लेखाच्या शेवटच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. मार्तंडला वाटलं, संपलं सगळं.

"एवढंच होतं?" ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "इतकी साधी गोष्ट... अन् ते बोलाले त्यायले तीन रेकॉर्ड लागल्या! माझ्या लेखापेक्षा हेच चांगलं आहे." कागदाच्या पाठीवर तिने ते घाईघाईने लिहून घेतलं. मग मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "तुले किती लागतीन, मार्तंड?"

समोरच्या थांब्यावर कोराडीची बस येऊन उभी राहिली. तिने पिशवी खांद्याला अडकवली. मार्तंडचा हात सवयीने रिवाइंडच्या बटणाकडे गेला... आणि मागे आला.

"तू... थांबशील?"

"पुढच्या बसपर्यंत?" तिने डोळे मिचकावले.

"नाही. कायमची."

बस निघून गेली. प्रेमिलाने खांद्यावरची पिशवी काढून काउंटरवर ठेवली.

"मग कोरी कॅसेट काढ," ती म्हणाली. "अन् या वेळेस नव्वद मिनिटांची!"