डाव्या बाजूची खुर्ची

दुभाष्यांनी जोडीने बसायचं आणि दर वीस मिनिटांनी पाळी बदलायची, हा आमच्या कामातला साधा नियम. शिक्षक बोलतात, एकजणी ते खुणांच्या भाषेत कर्णबधिर मुलांना सांगते, दुसरी शेजारी बसून हातांना विसावा देते. वीस मिनिटांनंतर हातांच्या आधी डोकं थकतं. मालांगच्या आमच्या विद्यापीठात मी आणि तांत्री अशी जोडी होती. मार्चमध्ये तांत्री सुराबायाला बँकेत नोकरीला लागली. तिच्या जागी कोणी आलं नाही. शिपाई मात्र नियमावर बोट ठेवून फळ्याशी दोन खुर्च्या मांडत राहिला.

अडीच तासांचा वर्ग मी एकटी ओढू लागले. खांदा असा धरायचा की घरी केस विंचरायला हात वर जात नसे.

मत्स्यपालनाच्या वर्गात माझ्याकडे तीन कर्णबधिर मुलं होती. त्यांत किनासी सगळ्यात मोठी. पहिली दोन वर्षं तिला दुभाषीच मिळाली नव्हती, त्यामुळे विषय राहत गेले. आता तिचं चौदावं सत्र चालू होतं, म्हणजे नियमाप्रमाणे शेवटचं. जूनमधल्या तोंडी परीक्षेत प्रबंध पास झाला नाही, तर सात वर्षं पाण्यात जाणार होती. तिचा बाप बातूच्या बाजारात सफरचंदं विकून तिला शिकवत होता.

एप्रिलमधल्या एका सकाळी माझी वीस मिनिटं संपली आणि किनासीची नजर माझ्या हातांवरून उठून डावीकडच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. अकरा वर्षं लोक माझ्या हातांकडे बघत आलेत. नजर कधी सुटते ते मला लगेच कळतं. दमली असेल, म्हणून मी हात चालवत राहिले.

पुढच्या आठवड्यात तिघांचीही नजर एकाच क्षणी तिकडे वळली. मी मुद्दाम हात खाली ठेवले. सर तळ्यातल्या अमोनियाचे आकडे भराभर सांगत होते आणि तिघं ते जसेच्या तसे उतरवून घेत होते. बरोबर वीस मिनिटांनी सगळे पुन्हा माझ्याकडे वळले.

तास संपल्यावर मी किनासीला विचारलं, कोणाकडे बघत होतीस?

"तुमच्या जोडीदारिणीकडे," तिने खुणेने सांगितलं. "म्हातारी आहे. खुणा जुन्या वळणाच्या, माझ्या आजीच्या शाळेतल्या. पण तुमच्याहून स्वच्छ." मग माझा चेहरा बघून हसली. "रागावू नका, ताई. तुम्ही दमलेल्या असता."

आमच्या कार्यालयप्रमुख रुस्मीबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "फुकट कोणी येत असेल तर येऊ दे गं बाई. फक्त ओळखपत्राची झेरॉक्स आणायला सांग, नाहीतर फाइल अडते." मग रजा घे म्हणाल्या, आणि बदली कोणी नाही हेही त्याच श्वासात म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. पाच आठवडे मी ती वीस मिनिटं घेतली. हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेरच्या अर्जुनो डोंगराकडे बघत बसायची. त्या बदल्यात ती खुर्ची काय घेते आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

परीक्षेच्या दिवशी किनासी रीतीप्रमाणे पांढरा सदरा, काळा स्कर्ट घालून आली. परीक्षकांसाठी तिने लेंपरचे डबे आणले होते, केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताचे. समोर तीन परीक्षक आणि फळ्याशी दोन खुर्च्या. प्रश्न मी खुणांनी सांगायचा आणि तिच्या हातांचं उत्तर आवाजात बोलायचं. त्या खोलीत दुभाषीने स्वतःचा एक शब्दही बोलायचा नसतो. अकरा वर्षांत मी तो नियम मोडला नव्हता.

पहिली वीस मिनिटं छान गेली. मग तिची नजर वळली.

"मांगूर माशाच्या खाद्यात अळ्यांचं प्रमाण तीस टक्केच का?" मधल्या परीक्षकांनी विचारलं.

मी खुणा केल्या. तिने बघितल्या नाहीत. ती खुर्चीकडे बघून मान डोलावत होती. तिचे हात उठले.

"हो, किनासीच. बातूची."

हे मी आवाजात बोलले नाही. परीक्षकांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"तिथे सगळेच खुणांनी बोलतात?" ती विचारत होती. "दुकानातसुद्धा?"

खुर्चीकडचं उत्तर बघून तिने पुन्हा विचारलं. "मग कोणाची वाट बघत बसावं लागत नाही?"

तिचा चेहरा उजळला होता. पाच वर्षांत तो मी तसा कधी बघितला नव्हता.

"दुभाषी, काय म्हणते ती?" परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

मी पाय जोरात जमिनीवर आपटला. फरशीच्या हादऱ्याने आमची मुलं वळून बघतात. ती वळली नाही.

"परीक्षा राहू दे," तिचे हात म्हणाले. "मी आत्ताच..."

मी खुर्चीकडे वळले. तिथे कोणी नव्हतं. त्या रिकाम्या जागेला मी खुणांनी म्हणाले, "तिला सोड. ती दमलेली नाही. दमलेली मी आहे."

किनासीने पापण्यांची उघडझाप केली आणि माझ्याकडे बघितलं. मी प्रश्न पुन्हा सांगितला. तीसच्या वर माशाच्या यकृतात चरबी साठते, ती म्हणाली, आणि तिचं उत्तर मी आवाजात बोलले.

ती पास झाली. बाहेर व्हरांड्यात बापाच्या गळ्यात पडून रडली. मला तिने एवढंच विचारलं, जोडीदारीण मधेच उठून का गेली?

सोमवारी उरलेल्या दोघांचा वर्ग होता. मी सुरुवात केली. वीस मिनिटं झाली, पण कोणाचीही नजर डावीकडे गेली नाही. चाळीस मिनिटं झाली. मला हायसं वाटलं.

तासाभरानंतर लक्षात आलं की खांदा दुखत नाही.

मी खाली बघितलं. माझे हात मांडीवर होते. कधीपासून होते, आठवेना. मी ते उचलायला गेले.

समोर दोघंही माझ्या छातीसमोरच्या हवेत बघत भराभर लिहून घेत होते.