लंगडा शेकाट्या

"मामा, मशीन थांबवा! या पक्ष्याची अंडी इथं कुठंतरी असणार!" संस्कृती ओरडली.

मे महिन्याच्या सुट्टीत ती करमाडजवळ मामांच्या गावी आली होती. गावतळं आटलं होतं आणि शेतात टाकायला गाळ काढणं सुरू होतं. बद्रीनाथमामांसमोर एक शेकाट्या, लांब गुलाबी पायांचा काळा-पांढरा पक्षी, पंख लोंबकळवत लंगडत होता.

"पाखरू इथं तडफडतंय, म्हंजी घरटं इथंच!" मामांनी तिथं काठ्या रोवल्या, जेसीबी पलीकडं धाडला आणि ते ट्रॅक्टरकडे गेले.

संस्कृती आणि मामेभाऊ सुदर्शन बाभळीआड बसले. माणसं दूर जाताच शेकाट्या ताठ उभा राहिला!

"आयला, बरा झाला की!" सुदर्शन म्हणाला.

"सोंग होतं ते! आपल्याला अंड्यांपासून लांब नेत होता."

"लई बेरकी! मग अंडी कुठं?"

शेकाट्या डबक्यात उतरला, पोट भिजवलं आणि लगेच उडाला.

"अर्धीच आंघोळ?" सुदर्शन हसला.

"ऊन बघ! ओल्या पोटानं अंडी गार करणार असेल. नजर ठेव!"

शेकाट्या चिखलातल्या एका उंचवट्यावर बसला. जेसीबी नेमका तिकडेच येत होता!

दोघं धावले. शेकाट्या उडाला. उंचवट्यावर चार ठिपकेदार अंडी!

"गोकुळदादा, थांबा! अंडी आहेत!"

"मालकानं सांगितल्याबिगर नाय!" जेसीबीवरून गोकुळ ओरडला.

"मामांना आणेपर्यंत सगळं चिरडेल!"

"मग आपणबी लंगडू की!" सुदर्शन बाजूला पळाला आणि धाडकन पडला. "आई गं! पाय मोडला!"

गोकुळनं इंजिन बंद करून उडी मारली. तो जवळ येताच सुदर्शन उठून लंगडत पुढं निघाला.

"अरं थांब, बघू दे पाय!"

तेवढ्यात संस्कृतीनं मामांना हाताला धरून ओढत आणलं. मामा वाकले. अंडी पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"काठ्या चुकल्या, मामा."

"चुकल्या खऱ्या!"

गोकुळ धापा टाकत आला. "मालक, या पोरानं मला पार बांधापर्यंत पळवलं! पाय धडधाकट हाय याचा!"

"तुला पोरानं फसवलं, मला पाखरानं!" मामा खदखदून हसले. "मशीन त्या टोकाला ने. पिल्लं निघून चालती होईपर्यंत हिकडं फिरकायचं नाय." मग त्यांनी दोघांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! उद्यापासून खोदायची जागा तुम्ही दाखवायची. आम्ही मुकाट्यानं खोदू!"